दाराशी टेकवलेलं झाकण

येरेवान, १९ सप्टेंबर २००५

वाहरम,

‘प्रिय’ लिहायचं विसरले नाही. मुद्दामच लिहिलं नाही. तुझ्या-माझ्यात तो शब्द आता शोभत नाही, आणि खोटं खोटं लिहायला आज मला सवड नाही. मला भीती वाटतेय. घरात दुसरं कुणी नाही ज्याला हे सांगावं, म्हणून तुला सांगतेय.

आज सकाळी दार उघडलं तर आपल्या भिंतीवर आकडे. एकेका काळ्या दगडावर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा, दाराच्या कमानीवरसुद्धा. शिडीवर दोन माणसं होती. म्हटलं, हे काय चालवलंय? तर त्यातला एकजण अगदी गोड आवाजात म्हणाला, “मावशी, घाबरू नका. पाडल्यावर दगड हरवू नयेत म्हणून आकडे घालतोय. दुसरीकडे घर जसंच्या तसं पुन्हा उभं करणार आहेत.”

“दुसरीकडे म्हणजे कुठे?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

तुझ्या डोळ्यांसमोर अजून जुना रस्ता असेल. आता रस्ता नाही, खड्डा आहे. शिंप्याचं घर गेलं, लाकडी सज्जांचं ते लांबलचक घर गेलं, तू ज्या भिंतीवर चेंडू मारून शिव्या खायचास ती भिंत गेली. उरलोय आम्ही, आणि समोर झोरिककाका. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरची बायको आठवते? बिचारी पाव आणायला गेली आणि परत येते तो छप्पर जमिनीवर. “चूक झाली, शेजारचं पाडायचं होतं,” म्हणाले. ती अजून ती पावाची पिशवी हातात धरून लोकांना तेच सांगत फिरते. तेव्हापासून मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. अर्ध्या मोहल्ल्याला घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी मी, आता लोकांना म्हणते, तुम्हीच दंड घेऊन इकडे या. पाव झोरिककाका आणतात.

इथे नव्या इमारती बांधणाऱ्या कंपनीचा एक माणूस येतो. टोकदार काळे बूट, केसांना तेल, आईला वाकून ‘आजी’ म्हणतो. मला म्हणाला, “घर तुमच्या भावाच्या नावावर आहे. त्यांच्याशी आमचं बोलणं चालू आहे. फक्त आजींना हयात असेपर्यंत इथे राहायचा हक्क आहे, तेवढंच मध्ये येतंय. पण आम्हाला घाई नाही.” आणि हे म्हणताना त्याने आईच्या खोलीकडे पाहिलं. त्याने शिवी दिली असती तरी मी एवढी घाबरले नसते.

घर आईच्या माहेरचं, पण कागदावर बाबांचं, आणि त्यांनी ते तुला दिलं, धाकट्या मुलाला देतात तसं. त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही आणि आजही काढणार नाही. घर धाकट्याला, आईबाप थोरलीला, हे आपलं वाटप झालंच आहे. तू वीज नसलेल्या त्या काळोख्या हिवाळ्यात बाबांशी कडाकडा भांडून गेलास, त्यांच्या मयतालाही आला नाहीस, तेही राहू दे. एकच मागते. आई आहे तोवर सही करू नकोस. तिला हलवलं तर ती जगायची नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस त्या चार भिंतींच्या धीरावर जगतंय.

तिला मी सांगितलंय की बाहेर पाण्याचे नळ टाकताहेत. ती म्हणाली, “बरं झालं. अख्खा जन्म गेला, वरच्या मजल्यावर पाणी काही चढलं नाही.”

रोस्तोवची बस उद्या निघते. बसच्या ड्रायव्हरजवळ, मिहरानजवळ, हे पत्र आणि सुकवलेले पीच देतेय. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, तुझ्या बाजारातलं ते दुकान तेवढं मिहरानला ठाऊक आहे.

आर्पेनिक


येरेवान, २ ऑक्टोबर

वाहरम,

मिहरानने निरोप दिला. पीच घेतलेस, पत्र खिशात घातलंस आणि म्हणालास, “त्या रस्त्यात एवढं आहे तरी काय?”

काय आहे ते सांगते. गॅस तोडलाय, आपल्या टेलिफोनची तारही, त्यामुळे स्टोव्हच्या उबेला बसून लिहायला वेळच वेळ आहे.

झारच्या काळात याचं नाव नझारोव्स्काया. मग बोल्शेविक आले, ‘एक मे रस्ता’ झाला. मग तेही गेले आणि जुनं नाव ‘स्काया’चं शेपूट कापून परत आलं. पण येरेवानमध्ये कुणी नाव घेतलंच नाही कधी. नुसतं ‘रस्त्यावरची माणसं’ म्हणायचे, तेवढं पुरे. ‘मुलगी रस्त्यावरची आहे’ म्हटलं की स्थळं चालून यायची. माझं नाही जमलं, तो भाग वेगळा. आपल्या पणजोबांचं औषधांचं दुकान खाली, वर बिऱ्हाड. गव्हर्नरच्या बायकोची डोकेदुखी आपल्या दुकानातून बरी व्हायची. संध्याकाळी बायका रेशमी शाली घेऊन तुतीच्या झाडांखालून फिरायच्या, आणि कोण कुणाला आधी मान लववते यावर वर्षानुवर्षांचे अबोले ठरायचे. असा भपका. आई तो अजून तोंडपाठ सांगते.

आणि मग सदतीस साल, स्टालिनची धरपकड. हे ती तोंडपाठ सांगत नाही. हे तिच्याकडून कसं बाहेर पडलं ते ऐक.

परवा घरं पाडायचं यंत्र झोरिककाकांच्या भिंतीपाशी आलं. जमीन हादरली, कपाटातल्या बश्या वाजल्या. मी आईच्या खोलीत धावले, तर ती उशी सोडून बसायला धडपडत होती. इतक्या महिन्यांत ती स्वतःहून उठलेली नाही. म्हणाली, “आले का? बाबांची पिशवी दे. लोकरी मोजे घातलेस ना त्यात?”

मी म्हटलं, “आई, नळ टाकताहेत.”

“हळू बोल. गाडी आपल्याच दाराशी थांबली.”

वाहरम, ती पुन्हा सात वर्षांची झाली होती. तिच्या बापाला नेलं तेव्हा होती तेवढी. या रस्त्यावर तेव्हा घरोघरी दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली असायची, मोजे, साबण, थोडी साखर. काळी गाडी वळणावर आली की सगळा रस्ता श्वास धरून ऐकायचा की कुणाच्या दाराशी थांबते. आपल्या दाराशी थांबली. दुसऱ्या दिवसापासून लोक समोरच्या बाजूने चालायला लागले. त्याच रेशमी शालीवाल्या. आपल्या बाजूच्या फरसबंदीवर पाय ठेवला तर आपलंही नाव यादीत लागेल म्हणून. एकटा झोरिककाकांचा बाप मुद्दाम या बाजूने चालायचा आणि टोपी काढून आजीला मान लववायचा. शेवटी त्यालाही नेलं. आई आणि झोरिककाका त्या दोन दारांमध्ये वाढले. पुढे ती कुणाशीच लग्न करायला तयार नव्हती, फक्त याच रस्त्यावर, तिच्या घरी राहायला येईल त्याच्याशी. बाबांच्या पदरात पडलेलं ते भाग्य.

म्हणून ती इथून हलत नाही. बाहेर कुठे गेलं की परत येताना घर असेल का, ही तिची आयुष्यभराची धास्ती. मी हसायचे तिला. आता मीच पाव आणायला जात नाही.

त्या दिवशी मी खरंच मोजे पिशवीत भरून तिच्या उशाशी ठेवले, तेव्हा कुठे ती आडवी झाली. बाहेर यंत्र आणि आत ती, दोन्हींत खरं कोणतं तेच मला कळेनासं झालं होतं.

रस्त्यात काय आहे विचारतोस. हे आहे. उत्तर दे, एका ओळीचं दे, ‘सही करणार नाही’ एवढं लिही.

आर्पेनिक


येरेवान, १३ ऑक्टोबर

वाहरम,

कुणी काहीही सांगो, आई जिवंत आहे. आधी हे वाच आणि मग खाली बसून बाकीचं वाच.

गेल्या आठवड्यात मंगळवारी यंत्र आपल्या भिंतीसमोर आणून उभं केलं. “सकाळी नुसती कुंपणाची भिंत काढू,” म्हणाले. दातांच्या डॉक्टरकडेही नुसतं शेजारचंच काढणार होते. मी झोरिककाकांपुढे रडले. मी, जिने बाबांच्या वेळीही लोकांसमोर डोळे पुसले नाहीत. ते म्हणाले, “आर्पिक, माझ्याकडे एक झाकण आहे.”

त्या काळोख्या वर्षांत नवं लाकूड मिळेना म्हणून ते लोकांच्या जेवणाच्या टेबलांच्या आणि कपाटांच्या शवपेट्या करून द्यायचे, तुला आठवत असेल. एक पेटी कुणी नेलीच नव्हती. “झाकण तुझ्या दाराशी उभं करू,” म्हणाले. “झाकण टेकवलेल्या घराला हात लावेल असा आर्मेनियन अजून जन्माला यायचाय.”

“काका, आई आत श्वास घेतेय.”

“घेऊ दे ना. झाकण काय तिच्यावर ठेवायचंय?”

मी नाही म्हणायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. आम्ही दोघांनी ते उचलून दाराच्या उजव्या हाताला उभं केलं, मयताच्या घरी करतात तसंच. मी काळं नेसले. सकाळी यंत्रवाला आला, खेड्यातला कुणी आडदांड माणूस, त्याने झाकण पाहिलं, टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि यंत्र बंद करून खाली उतरला. मुकादम ओरडला तर म्हणाला, “तूच चालव. मला पोरंबाळं आहेत.” मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला धरून उभी राहिले.

पण झाकण काय एकट्या यंत्रवाल्याला दिसतं? दुपारपर्यंत अर्धं येरेवान दाराशी. जे या रस्त्यावरून कधीच उठून नवीन इमारतींत गेले, तेही सगळे फुलं घेऊन. मयताच्या घराचं दार सताड उघडं असतं, आणि मी ते अंगाने अडवून उभी. काय सांगू? सांगितलं, आई दवाखान्याच्या शवागारात आहे, वाहरमची वाट पाहतोय, तो आला की घरी आणू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगा येईपर्यंत थांबायचंच. कंपनीचा टोकदार बूटही आला, काळा टाय लावून. म्हणाला, “मुलगा येईपर्यंत आमचं कुणी बोट लावणार नाही.” तुझ्या नावाने घर उभं राहिलं, बघ.

आत आईने विचारलं, “कोण गेलं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “झोरिककाका.”

ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला वाटलं जमीन दुभंगावी. आता काकांना तिच्या खोलीत जाता येत नाही, खिडकीसमोर उभं राहता येत नाही. ते मला म्हणतात, “तिला मारायचं नाही म्हणून मला मारलंस होय? चांगलं केलंस.” हसतात, पण त्यांना ते लागलंय.

आणि काल. आमचं दार बंद म्हणून पुरुष मंडळी काकांच्या अंगणात बसली होती, टोकदार बूटसुद्धा. आत फोन वाजला. तू होतास. तिथे रोस्तोवला तुला कुणीतरी कळवलं होतं. तू विचारलंस, खरं का? अंगणभर माणसं ऐकताहेत, तो माणूस हातभर अंतरावर व्होडका पितोय. काकांनी म्हटलं, “खरं आहे बाळा. देव तिला शांती देवो.” तू फोन ठेवलास. मग ते माझ्याकडे आले, ओठ पांढरे, नंबर विचारायचंही सुचलं नाही म्हणाले.

मी रोज सकाळी आईच्या नाकाशी आरसा धरते. जिवंत माणसाच्या नावाने झाकण उभं केलं की मरण ते नाव ऐकतं, असं आजी म्हणायची. मी हसायचे त्याला. आता रोज आरशावर वाफ दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मिहरानची बस आज दुपारी सुटेल. हे तुला मिळालं की लगेच काकांकडे फोन कर. तुला रडवायचं नव्हतं. तू रडलास का?

आर्पेनिक


येरेवान, ६ नोव्हेंबर

वाहरम,

मागचं पत्र तुला मिळालंच नाही. घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला, मिहरान सीमेवरून परत फिरला आणि पाकीट माझ्या हातात आणून दिलं. त्याच संध्याकाळी टोकदार बूट आला. या खेपेला सोबत पोलीस.

“तुमच्या भावाने सही पाठवली,” म्हणाला.

मी म्हटलं, शक्य नाही.

“मी स्वतः बोललो त्यांच्याशी. म्हणाले, आई गेली, आता तिथे माझं कोण आहे? पुरून टाका म्हणाले, माझ्यासाठी थांबू नका, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येईन.”

तिथे माझं कोण आहे. हे तू म्हणालास तसंच त्याने सांगितलं की त्यात भर घातली, देव जाणे. मी तिथेच उभी होते रे, काळं नेसून, तुझ्या आईच्या दारात.

आईचा हक्क हयात असेपर्यंतचा होता. तो मी झाकण टेकवून माझ्या हाताने संपवला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. मी बाजूला झाले आणि त्याला आत नेलं. आई उशीला टेकून दही खात होती. तो दारातच थिजला. घाबरला, खरंच घाबरला, त्याने क्रूसाची खूण केली. मग भीती ओसरली आणि आवाज चढला. खोटं मरण दाखवलंत, तुरुंगात घालीन, म्हातारीचंही वय बघणार नाही. आई जिवंत आहे, तिचा हक्क अजून आहे, हे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. या रस्त्यावर पोलीस दारात उभा राहिला की माणसाचा आवाज जातो. तो वारसा आहे आपला. “उद्या दुपारपर्यंत रिकामं करा,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आईला खुर्चीसकट उचललं. चौघे लागणार होते. मिहरान आला, त्याचा भाऊ आला, तो यंत्रवाला न बोलावता आला, आणि चौथा कुणी मिळेना. मग झोरिककाका पुढे झाले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, नको, नको. पण त्यांनी खुर्चीचा पाय धरला.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. “झोरिक, तू गेलास ना?”

काकांनी मान खाली घातली आणि खुर्ची उचलली.

खुर्ची दारातून बाहेर आली. उजव्या हाताला झाकण तसंच होतं. पुढे खड्डा, समोरच्या कडेला बघे. आईने झाकणाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, माझ्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो आयुष्यभराचा ताण सैल झाला. मी तिला तशी कधी पाहिलेली नाही.

“म्हणजे मीच होय,” ती म्हणाली. “सांगायचं नाही का आधी? मग नीट न्या. दारासमोर तीनदा फिरवा, या रस्त्यावरून माणूस तसंच जातं.”

मग यंत्रवाला म्हणाला, “आजी सांगताहेत तसं करा.” आणि त्या चौघांनी तिला, जिवंत, खुर्चीत बसलेली, आपल्या दारासमोर तीनदा फिरवलं. समोरच्या बघ्यांनी टोप्या काढल्या. मग काहीजण खड्ड्याला वळसा घालून आपल्या बाजूला आले आणि खुर्चीच्या मागे चालायला लागले, थेट मोठ्या रस्त्यावरच्या गाडीपर्यंत. आई दोन्हीकडे मान लववत होती. मी मागून चालत होते आणि मला वाटत होतं, गाडीपर्यंत पोचेतो ती खरंच संपलेली असेल.

नाही संपली. आता आम्ही शहराच्या टोकाला, नवव्या मजल्यावर भाड्याने राहतो. पहिल्या रात्री तिला सूप पाजलं, आणि सकाळी ती म्हणाली, “मेलेल्या माणसाला छातीत जळजळ होत नाही. आर्पिक, खरं सांग, काय केलंत तुम्ही?” सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं. ती झोरिककाकांना फोनवर म्हणाली, “मेल्या, तू जिवंत आहेस आणि मी तुझ्यासाठी उशी भिजवली.” घराचं विचारलं नाही. घर त्याच दिवशी गेलं, तिला ठाऊक आहे. काळी गाडी आली, थांबली, आणि गेली. आता तिला कशाचीच भीती उरलेली नाही. ती सगळी माझ्या वाट्याला आली आहे. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की मी उठून उभी राहते.

ती एकच विचारते, रोज. “जिवंतपणी आला नाही ते समजू शकते. माणसांचं बिनसतं. पण मी मेले तरी वाहरम नाही आला?”

घाट उघडलाय, मिहरान उद्या निघेल. त्याच्याजवळ दोन्ही पत्रं देतेय, आणि देताना हात मागे येतोय. मेलेल्या आईच्या चाळिसाव्याला तू येणार आहेस. ती जिवंत आहे असं कळल्यावर येशील का, हे मला ठाऊक नाही. न कळवता तुला इथवर आणावं, असंही मनात येऊन गेलं. पण माझ्या एका खोट्याने घर गेलं, दुसरं पेलायची ताकद माझ्यात नाही.

तरी एक बोलून बसलेच. काल तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, “निघालाय, वाटेत आहे.” तेव्हापासून ती खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावते आणि जेवताना तुझं ताट मांडायला सांगते.

एवढं एक खरं कर, वाहरम.

आर्पेनिक